अक्कावरचा पहारा

आडवणात चोरी नाही की मारामारी नाही. गावानं पोलिसाची टोपी शेवटची पाहिली ती कोणाच्या तरी रेड्यानं पाहणीला आलेल्या तलाठ्याला उचलून चिखलात घातलं तेव्हा. असल्या गावात दीड वर्ष एक बाई कैदेत होती म्हटलं तर कोणाला खरं वाटेल? पण होती. अक्का परब तिचं नाव. सत्तरीला टेकलेली, अंगानं सडसडीत, तोंडानं फटकळ. आणि तिचा गुन्हा काय म्हणाल, तर तिचा धाकटा भाऊ देशाचा लष्करप्रमुख झाला होता.

झाला तेव्हा अख्खं गाव नाचलं. रेडिओवर 'जनरल परशुराम परब' असं नाव आलं आणि अक्का चुलीपुढून उठून दारापुढच्या खळ्यात येते तो खळं माणसांनी भरलेलं. आई गेली तेव्हा परशुराम दोन वर्षांचा, आणि अक्का लग्नाला वर्ष व्हायच्या आत कपाळ पुसून माहेरी परतलेली. तिनंच त्याला कडेवर वाढवला, पेज भरवली, गुरांमागं धावून फोडलेल्या गुडघ्यांना हळद लावली, आणि पुढं सावंतवाडीच्या शाळेत घातला. त्या दिवशी ती येईल त्याला सांगत होती, "माझ्या परश्याच्या हातात आता सगळी फौज! तेणां बोट केल्यान की लाख माणूस उठता नि लाख माणूस बसता."

बिचारीला काय ठाऊक, की त्या बोटाखाली पहिली आपणच बसणार आहोत.

पंजाबात तेव्हा आग लागलेली. मोठ्या हुद्द्यांवरच्या माणसांच्या जिवाला घोर, तसा त्यांच्या घरच्यांच्याही. एका सकाळी निळी गाडी येऊन थांबली. त्यातून तीन पोलीस आणि त्यांचा हवालदार उतरले. त्यांनी माडांच्या बुंध्यांना काटेरी तार गुंडाळली, परसातली मागची वाट बुजवली, पुढं लोखंडी फाटक ठोकलं. हवालदाराचं नाव लवू, जवळच्या कट्टा गावाकडचा, म्हणजे आपल्याच मातीतला. तो हात जोडून म्हणाला, "अक्कानू, माका दोन हुकूम आसत. तुमका एकटां सोडूचां नाय, हो एक. आणि वरच्या परवानगीबिगर तुमका गावाभायर जाऊक देऊचां नाय, हो दुसरो."

"वरच्या म्हंजे कोणाच्या?"

लवूनं नुसतं बोट आभाळाकडं केलं.

"थंय आमचो देव रवळनाथ आसा," अक्का म्हणाली. "तेच्या डोक्यार कोण जावन बसलो रे मेल्या?"

पण हसण्यावारी नेऊन तार थोडीच तुटते! शेजारची मथुरा ही तिची परकर नेसण्याच्या वयापासूनची मैत्रीण. मागच्या वाटेनं यायची, चुलीपाशी बसायची, गावाची उणीदुणी काढायची. तार आल्यावर ती पहिल्यांदा फाटकातून आली तर एका पोलिसानं तिला अडवलं. "नाव? काम?" मथुरा म्हणाली, "साठ वर्सां येतंय. काम कसलां? माका कंटाळो इलो की मी येतंय." पोलीस म्हणाला, काम नसेल तर आत सोडता येत नाही. मथुरा पडली मानी. "शिरा पडो तुझ्या फाटकार!" म्हणून तिनं पाठ फिरवली ती फिरवलीच.

एकदा अक्का परवानगी काढून कट्ट्याच्या बाजाराला गेली, तर मागं दोन बंदुका. मासेवालीनं घाबरून टोपलीतले चांगले बांगडे वेचून दिले आणि पैशाचं नावच काढलं नाही. घासाघीस नाही, शिव्या नाहीत, तो काय बाजार? अक्का पुन्हा गेली नाही. फाटकातून आत येत ते फक्त 'माझ्या झिलाक मिलटरीत लावा' म्हणणारे पोरांचे बाप. त्यांना काम होतं ना! तिला चहा करून द्यावासा वाटे तो बिनकामाच्या माणसाला, आणि तसं माणूस आता तिच्याकडं येत नव्हतं. संध्याकाळी ती तारेपाशी उभी राहून पलीकडच्या हसण्याचा आवाज ऐके.

आणि अशात गावपळण आली.

आचऱ्याची गावपळण सगळ्या मुलखाला माहीत. आडवण लहान, तिथली कोण छापतो? पण रवळनाथाचा हुकूम तेवढाच कडक. काही वर्षांनी देवाला कौल लावतात, देव सांगतो, आणि ठरल्या सकाळी डंका वाजला की सगळं गाव चुली विझवून, दारं ओढून, गुरं, कोंबड्या, मांजरं घेऊन गावाची शीम ओलांडतं. आडवणाची शीम म्हणजे व्हाळ, गावाकडेचा ओढा. व्हाळापलीकडं कातळाचा उघडा सडा, तिथं माडाच्या विणलेल्या झापांच्या राहुट्या बांधून तीन रात्री काढायच्या. तेवढा वेळ गाव देवाचं. तिथं देव आपल्या लवाजम्यासकट फिरतो, म्हणून माणसाचा श्वाससुद्धा मागं राहायचा नाही. बाळंतिणीला खाटेवर घालून नेतात, मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्याला पाठीवर नेतात. एक जरी मागं राहिला, तर पळण मोडली आणि खोट सगळ्या गावाला.

कार्तिकात कौल झाला तशी अक्काच्या अंगात हुशारी आली. सड्यावर घर नाही, दार नाही, मग फाटक कुठलं? आजवरच्या प्रत्येक पळणीत ती आणि मथुरा एका राहुटीत राहिल्या होत्या. लहानपणी परशुराम त्यांच्या मध्ये झोपायचा आणि कोल्हा ओरडला की दोघींच्या अंगावर पाय टाकायचा. अक्कानं खळ्यात बसून स्वतःच्या हातानं झाप विणले. तिला दुसरं काही नको होतं. एकदा, एकदाच, चारचौघींसारखं गावाबरोबर चालत बाहेर पडायचं होतं.

मार्गशीर्षात जिल्ह्याचे पोलीस अधिकारी जीपमधून आले. पोरसवदा माणूस, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून खुर्चीच्या टोकावर बसला.

"बाई, तुम्हाला जाता येणार नाही," ते म्हणाले. "उघड्या माळावर तुमची जबाबदारी मला घेता येणार नाही. आणि घर रिकामं सोडलं, तर कोणी येऊन काय ठेवून जाईल याचा नेम नाही. तुम्ही इथंच राहा. आमची माणसं आहेतच."

"सायबानू, एक माणूस जरी मागे रवला तर पळण मोडता."

"ती तुमची श्रद्धा झाली," ते म्हणाले आणि चहा न पिता गेले.

बातमी गावभर झाली. संध्याकाळी भिकाजी गावकर फाटकात आले. देवापुढं गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. पोलिसानं विचारलं, "नाव? काम?" भिकाजी म्हणाले, "नाव भिकाजी. काम देवाचां," आणि थांबलेच नाहीत.

"अक्का, तू नि हे चार बंदूकवाले हंय रवलास तर आमी जावन उपेग काय?" ते म्हणाले. "लोकां काय काय बोलतत. काल देवळात एक जण म्हणत होतो, परबांचो झील मोठो झालो नि गाव खड्ड्यात गेलो."

अक्काच्या काळजाला ते लागलं. या गावानं तिला विधवा म्हणून कधी बाजूला केलं नव्हतं, ते आता भावाच्या मोठेपणापायी करणार होतं.

"पळणीच्या आदल्या दिसा परश्या येता हा," ती म्हणाली. "मी तेका सांगतंय. तेचो एक शब्द, नि हो पोरगो सायब पळान जायत. माझो शब्द परश्या मोडूचो नाय."

भिकाजींचा चेहरा उजळला. लाख माणसं हलवणाऱ्याला चार पोलीस हलवणं म्हणजे काय मोठं!

परशुराम आला. सावंतवाडीपर्यंत हेलिकॉप्टर, आणि पुढं पाच पांढऱ्या अँबॅसडर गाड्या, सगळ्या एकसारख्या, सगळ्यांच्या काचांना पडदे. अक्का पहिल्या गाडीकडं धावली, तर त्यातून बंदूकवाला उतरला. दुसरीकडं वळली, त्यातून डॉक्टर. परशुराम उतरला चौथीतून, साध्या सदऱ्यात.

"लपंडाव खेळतंस काय रे, परश्या?"

"खंयच्या गाडयेत मी आसंय तां कोणाक कळूक नको म्हणान, अक्का," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी घरची बोली त्याच्या तोंडात जरा अडखळत येत होती. "माका सुद्धा आयत्या वेळार सांगतत. दार उघडतत, नि मी बसतंय."

चुलीपाशी पाटावर बसून त्यानं पेज आणि भाजलेला सुका बांगडा मागून घेतला. डॉक्टर दारातून हिंदीत म्हणाला, जेवण आधी तपासायला हवं. अक्कानं उलथनं उचललं. "तेका सांग, ह्या हातान तू वाढलंस. आधी ह्या हाताकच तपास म्हणावं!" परशुराम पोट धरून हसला, डॉक्टर मुकाट्यानं बाहेर गेला, आणि घटकाभर घर पूर्वीचं झालं.

मग अक्कानं विषय काढला. "परश्या, उद्या पळण. तुझ्या ह्या पोलिसांका सांग, माका सोडा नि तुमी पण शीमेभायर चला."

परशुरामानं वाटी खाली ठेवली. "ते पोलीस माझे न्हय, अक्का."

"तुझे न्हय? मगे कोणाचे? देशातलो सगळ्यात मोठो शिपाय कोण?"

"शिपायांत मी मोठो. पोलीस राज्य सरकारचे. तो फाटकार उभो आसा ना हवालदार, तेका मी 'वळ' म्हटलंय तर वळूक तो बांधील नाय."

अक्काला वाटलं, थट्टा करतोय. मग त्याच्या तोंडाकडं बघून तिला कळलं की नाही.

"माझ्या शब्दार लाखांनी माणसां चालतत, तां खरां," तो म्हणाला. "पण खंय चालूचां नि कधी चालूचां, तां मी ठरवणंय नाय. दिल्लीत सरकार माका विचारता, मी माझां मत सांगतंय. कधी ऐकतत, कधी नाय. नाय ऐकल्यानी तरी भायर येवन तोंड उघडूचां नाय. हुकूम झालो की तो माझोच असल्यासारखो पुरो करूचो. मी तशी शपथ घेतलंय."

"मगे तुझो उपेग काय रे?"

तोंडातून गेल्यावर अक्काला स्वतःचीच लाज वाटली. परशुराम हसला, पण हसू अर्ध्यावर थांबलं.

"होच उपेग," तो म्हणाला. "जेच्या हातात सगळ्यात मोठी बंदूक, तेणां विचारल्याबिगर ती हलवूची नाय. जंय सरसेनापती कोणाक विचारणा नाय, थंयच्या माणसांची रोजच गावपळण चलता, अक्का. मी बघलंय तसले मुलूख."

अक्काला ते पटलं. हीच तर पंचाईत! पटलं, आणि पटलं म्हणून आणखीच संताप आला. हा पोरगा इतका वर चढला, आणि वर जाऊन बघतो तो तिथंही फाटकच.

"बरां, हुकूम करूक येणा नाय," ती म्हणाली. "मगे गाऱ्हाणां घाल. माग त्या सायबाकडे. आमी देवाकडे मागतोच ना?"

परशुराम उठला. खळ्यात पोलीस अधिकारी ताठ उभे होते, त्यांच्यापुढं जाऊन शुद्ध मराठीत म्हणाला, "माझी एक विनंती आहे. हा हुकूम नव्हे. माझ्या बहिणीला गावाबरोबर जाऊ देता येईल का?"

त्या पोरसवदा साहेबांनी टाचा जुळवल्या. "सर, मला वरून आदेश आहे. आपण म्हणत असाल तर मी मुंबईला फोन लावतो. पण तिकडून नाही म्हणाले तर..."

"तर?"

"तर नाही, सर."

अक्का दारात उभी होती. लहानपणी बैल अडला की परशुराम अशी आरोळी ठोकायचा की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायची. आता ती आरोळी येणार, असं तिच्या मनानं घेतलं.

"लावा फोन," परशुराम म्हणाला. "नाही म्हणाले तर ठीक आहे. तुम्ही तुमचा हुकूम पाळताय. तेच बरोबर आहे."

ठीक आहे! अक्काच्या अंगाची लाही झाली. ती आत जाऊन चुलीकडं तोंड करून बसली. दिवस कलताना मुंबईचं उत्तर आलं. नाही.

परशुरामाला रात्रीचं स्वतःच्या घरात राहायचीही मुभा नव्हती, त्याची सोय मालवणच्या विश्रामगृहात. निघताना तो तिच्या पाया पडला.

"उद्या दुपारी सड्यावरच्या रस्त्यान परत जातंय, कट्ट्यावरून," तो म्हणाला. "गाडी खंय थांबवूची नाय असो नेम. पण राहुटे दिसतले. तू तेवढी थंय नसतलंस."

अक्कानं आशीर्वादाचा हात उचलला नाही, 'सांभाळून जा' म्हणाली नाही. रागाच्या भरात तोंड फिरवून बसली, आणि गाड्यांचा आवाज विरल्यावर तिला ते असं खायला लागलं की सांगता सोय नाही. आपण कोणावर रागावलो? जो आपल्यासारखाच अडकलाय त्याच्यावर?

सकाळी डंका वाजला. तारेपलीकडून गाव वाहायला लागलं. डोक्यावर गाठोडी, काखेत कोंबड्या, खाटेवर कोणाची तरी आजी. कोणी अक्काकडं बघत होतं, कोणी मुद्दाम बघत नव्हतं. मथुरा शेळी ओढत आली आणि दीड वर्षात पहिल्यांदा तारेपाशी थांबली.

"तुझी जागा धरून ठेवतंय गो," ती म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

मग सगळं गप्प झालं. रहाट नाही, पोरांचा आरडाओरडा नाही, कुठं धूर नाही. लवू फाटकाजवळ एकसारखा घाम पुसत होता. त्याच्याही गावात रवळनाथच. बाकीचे तिघे पाठीला पाठ लावून बसले होते आणि पान हललं की चमकत होते. देवाच्या गावात माणसानं राहू नये हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं. पण हुकूम!

अक्का पडवीत बसून ते बघत होती. बघता बघता तिच्या मनात एक साधी गोष्ट आली. शपथ परश्यानं घेतलीय. पगार लवू घेतो. मी कोणाची शपथ घेतलीय? कोणाच्या पगारावर आहे? मग मी का बसलेय?

ती उठली. चुलीत पाणी ओतलं, देवापुढचा दिवा शांत केला, गाठोडं काखेत मारलं, दाराला कडी घालून फाटकाशी आली.

"अक्कानू, खंय?" लवू आडवा झाला.

"शीमेभायर."

"परवानगी नाय."

"मगे माका धर. हात धर नि भुतूर ने."

लवूचा हात उठला नाही. सरसेनापतीच्या बहिणीला हात लावायचा कोणी? त्यानं हातच जोडले. "पायां पडतंय, अक्कानू. माझी नोकरी जायत. पोरां आसत माका."

अक्का थबकली. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, तिला त्याची दया आली. पण मग ती म्हणाली, "लवू, तुझो पयलो हुकूम काय? दीड वर्स ऐकतंय. माका एकटां सोडूचां नाय. मोडू नको तो. मी चललंय, तू वांगडा चल."

"नि घर?"

"घर आज रवळनाथाचां. तेची राखण करूक तुका रवूचां आसा तर रव."

लवूनं एकदा ओसाड वाटेकडं बघितलं. मग टोपी नीट केली आणि मागच्या तिघांना म्हणाला, "बघतास काय रे? बाई चलल्यो, दिसणा नाय?" तिघे असे उठले की त्यांतल्या एकानं न सांगताच अक्काचे झाप डोक्यावर घेतले.

अशी ती निघाली. पुढं अक्का, मागं चार पोलीस, रिकाम्या घरांमधून. कोणी मागं वळून बघितलं नाही, बघायचं नसतंच. व्हाळाच्या थंड पाण्यात पाय पडला आणि अक्काला हुंदका आला. तिनं तो दाबला नाही.

सड्यावर भिकाजी गाऱ्हाण्याला उभे होते, पण नारळ हातात तसाच होता. मागं माणसं असताना देवाला काय सांगणार? अक्काला बघून ते दोन पावलं पुढं आले.

"मागे कोण?" त्यांनी विचारलं.

"कोण नाय," लवू म्हणाला. "आमी सगळे हंयच."

भिकाजींनी नारळ कपाळाला लावला आणि आवाज चढवला. "बा देवा रवळनाथा! तुझ्या हुकमान समस्त गाव, लेकरां-बाळां, गुरां-ढोरां घेवन शीमेभायर इलो हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं. सगळ्यांत मोठा आवाज अक्काचा होता.

तासाभरात अधिकाऱ्यांची जीप धुरळा उडवत आली. कोणाच्या परवानगीनं, कोणाच्या जबाबदारीवर, घराचं काय, असे ते लवूवर कडाडले. "तुमच्यातले दोघं जण ताबडतोब बाईंच्या घरी परत जा!" असं म्हणून त्यांनी व्हाळापलीकडं हात केला. सगळं गाव त्या हाताकडं बघत उभं राहिलं. पलीकडं आडवण निपचित पडलेलं. साहेबही शेवटी देवगडाकडच्या कुठल्या तरी गावातलेच. हात हळूहळू खाली आला. "व्हाळाच्या अलीकडून नजर ठेवा," ते खाकरून म्हणाले.

पण हात हलवत गेले असते तर ते साहेब कसले? राहुट्यांच्या एका टोकाला चार बांबू रोवले गेले, भोवती दोरी फिरली, मध्ये अक्काची राहुटी. चार कोपऱ्यांना चार पोलीस, आत कोणी यायचं नाही. जीप गेली आणि अक्का झापावर बसून दोरीकडं बघत राहिली. फाटक तिच्या मागोमाग सड्यावर चालत आलं होतं. पलीकडं बायकांनी फुगड्या धरल्या, पोरं शेळ्यांमागं पळाली, कुठं तरी भाताला उकळी आली, आणि ती त्या सगळ्यांच्या ऐन मध्ये एकटी. परश्याचं रोज असंच असणार, तिला वाटलं. अवतीभवती लाख माणूस आणि मध्ये दोरी. आणि कालच त्याला आपण 'तुझो उपेग काय' म्हणून विचारलं.

दुपार कलली तशी मथुरा दोरीपाशी आली. कोपऱ्यातल्या पोलिसाच्या तोंडातून सवयीनं निघालं, "नाव? काम?"

मथुरेनं पदर खोचला. "नाव मथुरा. काम फुगडी."

पोलिसानं लवूकडं पाहिलं. लवूनं जीप गेलेल्या वाटेकडं पाहिलं, आणि काठीनं दोरी वर उचलली. "जावंदे तेंका," तो म्हणाला. "काम सांगल्यानी ना?"

दोघींची वयं मिळून एकशेचाळीसच्या घरात, फुगडी कसली डोंबलाची! दोन गिरक्यांत गुडघे बोलायला लागले, तिसऱ्या गिरकीला दोघी झापावर बसल्या आणि पोटात दुखेपर्यंत हसल्या. एवढ्यात रस्त्याकडून पोरं ओरडत आली, "गाडये इले! गाडये इले!"

अक्का धडपडत उठली. गाव रस्त्याच्या कडेला धावलं, ती दोरीपर्यंतच गेली. पण तिची राहुटी टोकालाच, मधे कोणी नव्हतं, तिथून रस्ता चांगला दिसत होता. वळणावरून पाच पांढऱ्या गाड्या आल्या, एकामागं एक, सगळ्या सारख्या, सगळ्यांचे पडदे ओढलेले. वेग कमी होईना. यांतल्या कुठल्या एकीत परश्या होता. काल त्याच्या डोक्यावर ठेवला नव्हता तो हात अक्कानं पहिल्या गाडीकडं उंच केला. मग दुसरीकडं केला. तिसरी आली, चौथी आली, ती प्रत्येकीला हात करत राहिली, आणि तोंडानं पुटपुटत राहिली, "सांभाळून जा, बाबा. सांभाळून जा." पाचवी गेली. एकाही गाडीचा पडदा हलला नाही. धुरळा खाली बसला.

मथुरेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "खंयच्यात होतो गो?"

"काय म्हायत."

"म्हंजे तुका दिसाक नाय?"

"माका तो दिसाक नाय." अक्कानं पदरानं डोळे टिपले आणि रस्ता रिकामा झाला तरी तिकडंच बघत राहिली. "पण तेका मी दिसलंय गो. शीमेभायर."